ट्रेलर रिकामा असूनही ॲव्हरेज का वाढले नाही? पिकअप ट्रक, वेग आणि इंधनाचा हिशेब

प्रश्न — सरळरस्ता

नमस्कार. माझ्याकडे डबल केबिनचा डिझेल पिकअप ट्रक आहे. गिअरबॉक्स मॅन्युअल असून माझ्यासह गाडीचे वजन सुमारे २,२०० किलो भरते. गेली काही वर्षे मी प्रत्येक टाकीचा हिशेब वहीत लिहीत आलो आहे. टाकी फुल्ल केली की किलोमीटर, लिटर, साधारण वेग आणि मागे काय जोडले होते, एवढे चार रकाने मी न चुकता भरतो. या वहीत अलीकडे अशी एक नोंद झाली आहे की तिचा अर्थ मला लागत नाही.

मागे काहीही जोडलेले नसताना, सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने गाडी मला लिटरला १४ किलोमीटर देते आणि १०० च्या वेगाने ११.५ देते. गेल्या महिन्यात मी तिला बंद पेटीचा ट्रेलर जोडला. तो केबिनपेक्षा हातभर उंच आणि दोन्ही बाजूंनी थोडा रुंद आहे. रिकामा असताना त्याचे वजन ९०० किलो आहे आणि त्यात १,१०० किलो सामान होते. १०० च्या वेगाने जाताना ॲव्हरेज ६ वर आले. ओझे आहे म्हटल्यावर मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. सामान उतरवून मी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने परत निघालो, तेव्हा निम्म्याहून अधिक ओझे उतरले असल्यामुळे आता आठ-नऊचे ॲव्हरेज सहज मिळेल अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात ते ६.४ निघाले.

आणखी एक गोष्ट म्हणजे, काही महिन्यांपूर्वी मी बुटक्या फळ्यांचा उघडा ट्रेलर उसना आणला होता. सामानासह त्याचेही वजन साधारण २,००० किलोच होते, आणि त्या वेळी याच १०० च्या वेगाने मला लिटरला ९ किलोमीटर मिळाले होते.

वजन तेवढेच असताना एका ट्रेलरला ९ आणि दुसऱ्याला ६, आणि वजन उतरवले तरी फरक जेमतेम, हे कसे काय? पेटीच्या ट्रेलरचे बेअरिंग किंवा ब्रेक धरत असतील का? आणि मी वेग ८० वर आणला तर खरोखर किती फरक पडेल?

उत्तर १ — वायुरोध

आपण चार रकान्यांची वही ठेवली आहे म्हणूनच हा प्रश्न सोडवता येतो, त्यामुळे आधी त्याबद्दल मनापासून आभार. बेअरिंग अवश्य तपासा, पण आपल्या आकड्यांचा उलगडा त्यावाचूनही होतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात: एक हवा आणि दुसरी टायर रस्त्यावर दबत-उठत फिरताना वाया जाणारी ऊर्जा, म्हणजे लोळणघर्षण. वजनाचा संबंध फक्त दुसऱ्या गोष्टीशी आहे. हवेला आपल्या ट्रेलरमध्ये सामान आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते. तिला दिसतो तो पेटीचा आकार.

लोळणघर्षण वेगाप्रमाणे फारसे बदलत नाही. चांगल्या डांबरी रस्त्यावर ते वजनाच्या साधारण एक टक्का धरता येते. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी आपल्या गाडीसाठी आकारगुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, ०.४ आणि समोरचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर गृहीत धरले, म्हणजे दोहोंचा गुणाकार १.२ झाला. त्यानुसार एकट्या गाडीवर ८० च्या वेगाला हवेचा रोध सुमारे ३५५ न्यूटन (न्यूटन हे बळाचे एकक) आणि टायरांचा २१५, असा एकूण ५७० न्यूटन येतो. १०० च्या वेगाला टायरांचे २१५ तेवढेच राहतात, पण हवेचे ३५५ वाढून ५५५ होतात आणि बेरीज ७७० वर जाते.

आता मागे पेटी जोडू. केबिनच्या वर आणि बाजूला डोकावणारा तिचा सपाट चेहरा, केबिन आणि पेटी यांच्यामधल्या फटीत गरगरणारी हवा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटीची सरळ कापल्यासारखी पाठ, या सगळ्यांमुळे तो १.२ चा गुणाकार ३ च्या आसपास जातो असे मी धरतो. पाठीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण बहुतेकांचे लक्ष पुढच्या बाजूकडेच असते. पेटीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती पोकळी गाडीला सतत मागे खेचत राहते. धुळीच्या रस्त्यावरून अशी गाडी गेली की तिच्या मागच्या दारावरच धूळ बसते, ती या पोकळीत ओढली गेलेली धूळ असते.

या हिशेबाने १०० च्या वेगाला हवेचा रोध सुमारे १,३९० न्यूटन होतो. गाडी आणि भरलेला ट्रेलर मिळून ४,२०० किलो, म्हणून टायरांचा रोध ४१० न्यूटन, आणि बेरीज १,८००. यातून १,१०० किलो सामान उतरवले तर काय कमी झाले? त्या सामानाचा एक टक्का, म्हणजे सुमारे ११० न्यूटन. १,८०० मधून ११० गेले म्हणजे सहा टक्के कमी झाले. आपले ६ चे ॲव्हरेज सहा टक्क्यांनी सुधारले की ६.४ होते. मी धरलेले गुणांक अंदाजाचे आहेत, पण आपली नोंद या हिशेबात इतकी चपखल बसते की तिच्यावर संशय घेण्याचे मला कारण दिसत नाही.

उघडा बुटका ट्रेलर गाडीच्याच सावलीत चालतो. त्याच्यामुळे तो गुणाकार १.२ वरून १.६ च्या आसपास गेला असे मानले, तर १०० च्या वेगाला एकूण रोध १,१५० न्यूटन होतो, म्हणजे पेटीच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी. आपले ९ आणि ६ यांतले अंतर तेवढेच आहे.

आता वेगाबद्दल. पेटीचा भरलेला ट्रेलर ८० च्या वेगाने ओढलात तर हवेचा रोध १,३९० वरून ८९० वर येतो आणि एकूण बेरीज १,८०० ऐवजी १,३०० होते. म्हणजे ८० वरून १०० ला जाताना प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ३८ टक्के अधिक काम करावे लागते. एकट्या गाडीला हीच वाढ ३५ टक्के आहे. टक्केवारीत फार फरक नाही, पण ती कशाच्या ३५ आणि कशाच्या ३८ टक्के हे पाहा. एकट्या गाडीवर वाढलेले बळ २०० न्यूटन आहे आणि ट्रेलरसह ते ५०० आहे. त्याच वेगवाढीची किंमत ट्रेलर जोडल्यावर अडीचपट होते.

येथे एक गैरसमज दूर करतो. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते आणि हवेपुरते ते बरोबर आहे, पण ती गोष्ट ताशी खर्चाची झाली. किलोमीटरमागे खर्च वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण वेग वाढला की तो किलोमीटर लवकर संपतो. आपल्या जोडीला ८० च्या वेगाला चाकांवर सुमारे २९ किलोवॉट, म्हणजे ३९ अश्वशक्ती लागते आणि १०० ला ५० किलोवॉट, म्हणजे ६८ अश्वशक्ती. ॲव्हरेजचा विचार करताना मात्र बळच पाहावे.

समोरून वारा असेल तर हे सगळे आणखी बिघडते. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असताना आपण ८० ने गेलात तरी हवेच्या दृष्टीने आपला वेग १०० आहे. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर तो ६० आहे. म्हणूनच जाता-येतानाचे आकडे वेगळे आले की मी आधी त्या दिवशीचा वारा विचारतो.

उत्तर २ — घाटचढ

वरील उत्तर सपाट रस्त्यापुरते पूर्णपणे पटण्यासारखे आहे. मी अनेक वर्षे चढउतारांच्या रस्त्यांवर ट्रेलर ओढला आहे, आणि वजन महत्त्वाचे नसते असा अर्थ कोणी त्यातून काढू नये म्हणून लिहितो आहे.

पाच टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर, हा डोळ्यांना फार तीव्र वाटत नाही. पण ४,२०० किलोच्या जोडीला तो २,०६० न्यूटनने मागे खेचतो. सपाट रस्त्यावर १०० च्या वेगाला हवा आणि टायर मिळून जेवढे अडवतात त्याहून हे अधिक आहे. यात आपल्या १,१०० किलो सामानाचा वाटा ५४० न्यूटन आहे, म्हणजे सपाटीवर जे सामान जाणवले नव्हते ते चढावर पाचपट होऊन समोर उभे राहते.

चढताना खर्च केलेली ऊर्जा उतारावर परत मिळते हे खरे, पण उतार इतका सौम्य असावा लागतो की ब्रेक लावावा लागू नये. ब्रेकला पाय लागला की ती ऊर्जा ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. थांबण्याचेही तसेच आहे. ४,२०० किलोची जोडी ८० च्या वेगाने चालली असताना तिच्यात सुमारे १० लाख जूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी जूल असतात आणि त्यांपैकी तीस टक्के चाकांपर्यंत पोहोचतात असे धरले, तर एकदा पूर्ण थांबून पुन्हा ८० ला पोहोचायला सुमारे १०० मिलिलिटर डिझेल लागते. चहाचा कप भरून डिझेल रस्त्यावर ओतावे तसे ते आहे. लाल दिवा लांबून दिसताच ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपली आपण हळू होऊ द्यावी, यामागे एवढे साधे गणित आहे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची सवय अजून अनेकांना आहे आणि ती मला मनापासून काळजीची वाटते. आजच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. शिवाय मागे दोन टन ढकलत असताना इंजिनाचा ब्रेक गमावणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत.

गिअरबद्दल थोडे. टॉप गिअरमध्ये आरपीएम कमी म्हणून इंधन कमी, हा नियम एकट्या गाडीला बहुधा लागू पडतो. ट्रेलर जोडल्यावर इंजिन टॉप गिअरमध्ये घुसमटू लागते, पाय हळूहळू तळाशी जातो आणि तरीही वेग घसरतो. अशा वेळी एक गिअर खाली घेतल्याने इंधन वाया जात नाही. पेट्रोलचे टर्बो इंजिन असेल तर हे अधिकच पाळावे, कारण फार भार आला की अशी अनेक इंजिने स्वतःला थंड ठेवण्यासाठी मिश्रणात जास्तीचे पेट्रोल सोडतात. ऑटोमॅटिक गाडीत टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरची सोय, असेल तर तो लावावा. गिअर सारखा वर-खाली होणे त्याने थांबते.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, सपाटीवर उत्तम आहे, पण चढउतारांवर मी ते बंद ठेवतो. चढावर वेग ८० वरून ७० झाला तर होऊ द्यावा, उतारावर तो परत येतो.

सरळरस्ता

दोघांचेही आभार. ६.४ चा आकडा हिशेबातून जसाच्या तसा निघालेला पाहून मला फार समाधान वाटले. आणखी दोन शंका आहेत. हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवला तर हवा मोकळी निघून जाते आणि ॲव्हरेज वाढते असे ऐकतो, ते खरे आहे का? आणि ८० ने एवढा फायदा होत असेल तर ६५ ने आणखी होईल का?

उत्तर १ — वायुरोध

फाळका बंदच ठेवा. तो बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन तिथेच फिरत राहतो आणि केबिनवरून येणारी हवा त्या भोवऱ्यावरून, जणू अदृश्य झाकणावरून, मागे निघून जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो आणि रोध बहुधा वाढतो. हौद्यावर ताणून बसवलेले आच्छादन थोडा फायदा देते. फडफडणारी ताडपत्री मात्र तोटाच करते, मग ती हौद्यावर असो किंवा उघड्या ट्रेलरवर; ती दोरीने घट्ट आवळावी. मागे उंच पेटी असेल तर या सगळ्याचा परिणाम तिच्यापुढे नगण्य ठरतो. त्यापेक्षा शक्य असल्यास पेटी गाडीच्या जवळ जोडणारी दांडी वापरावी, मात्र वळताना कोपरा केबिनला घासणार नाही एवढे अंतर ठेवून.

६५ बद्दल: हिशेबाने रोध १,३०० वरून १,००० न्यूटनवर येतो, म्हणजे बचत आहे. पण १०० वरून ८० ला येताना ५०० न्यूटन वाचले होते आणि इथे ३०० वाचतात. शिवाय इंजिनाचे स्वतःचे घर्षण, पंप, अल्टरनेटर आणि एसी हा खर्च तासावर चालतो, त्यामुळे प्रवास लांबला की तोही लांबतो. ३०० किलोमीटरला १०० ने ३ तास, ८० ने पावणेचार तास आणि ६५ ने चार तास ३७ मिनिटे लागतात. बाकीची वाहने १०० ने जात असताना आपण ६५ ने जाणे धोक्याचेही आहे.

८० ते ९० हा पट्टा उगाच रूढ झालेला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ साली इंधन वाचवण्यासाठी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा घातली होती. ती १९९५ पर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात टिकली. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा आजही ८० किलोमीटर आहे आणि कॅलिफोर्नियात ५५ मैल आहे. हे नियम मुख्यतः सुरक्षिततेचे असले तरी इंधनालाही ते मानवतात.

उत्तर ३ — हबवरहात

मोजण्याबद्दल मला काही सांगायचे आहे, कारण चुकीच्या मोजणीवरून अनेकजण चांगले उपाय सोडून देतात.

किलोमीटर प्रति लिटर हे माप ट्रेलर ओढताना डोळ्यांना फसवते. १२ वरून १० वर येणे आपल्याला मोठे वाटते आणि ७ वरून ६ वर येणे किरकोळ वाटते. १०० किलोमीटरला लागणारे लिटर मांडून पाहा. १२ चे १० झाले की ८.३ लिटरऐवजी १० लागतात, म्हणजे १.७ लिटर जास्त. ७ चे ६ झाले की १४.३ ऐवजी १६.७ लागतात, म्हणजे २.४ लिटर जास्त. आपल्या वहीत पाचवा रकाना जोडावा तो हाच.

डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा टाकी ते टाकी हाच हिशेब धरावा. शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला तोंड करून, नोझल पहिल्यांदा खटकन बंद झाले की थांबावे. काठोकाठ भरण्याचा हट्ट केला की दर वेळी वेगळे डिझेल मावते. जाणे आणि येणे दोन्ही मोजून, लागलेले लिटर एकत्र करून भागाकार करावा, म्हणजे वारा आणि चढ बऱ्याच अंशी वजा होतात. वेग जीपीएसवर पाहावा, कारण स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्त दाखवतात आणि ८० समजून आपण ७६ ने जात असू शकतो.

आणि बेअरिंगची आपली शंका मी सोडणार नाही. ट्रेलरचा धरून बसलेला ब्रेक गाडीच्या चालकाला कळत नाही, कारण तो आवाज मागे राहतो. अर्धा-पाऊण तास चालून, शेवटचा ब्रेक हलका लावून थांबावे आणि ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, तळहात न्यावा. लगेच टेकवू नये, तापलेला हब भाजतो. चारही सारखेच कोमट असतील तर ठीक. एखाद्याची धग लांबूनच लागली तर ते चाक उचलून हाताने फिरवावे. टायरांची हवा थंड असताना तपासावी. कमी हवेच्या टायरने ॲव्हरेज तर जातेच, पण लांबच्या पल्ल्यात तो तापून फुटण्याची भीती जास्त असते.

एक विनंती आहे. गाडीच्या मागच्या टायरांवरचा भार हलका व्हावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या भागात रचू नये. पुढे पुरेसा भार नसला की ट्रेलर वेगात झोले खाऊ लागतो, आणि त्यात वाचणारे इंधन शून्य असते.

सरळरस्ता

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, म्हणून निकाल कळवणे माझे कर्तव्य समजतो. तोच पेटीचा ट्रेलर, तेवढेच १,१०० किलो सामान, जीपीएसवर ८० चा वेग आणि दोन्ही दिशा मिळून ३०० किलोमीटर, असे या आठवड्यात मोजले. ३७.५ लिटर डिझेल लागले, म्हणजे बरोबर ८ चे ॲव्हरेज. १०० ने हेच अंतर ५० लिटरमध्ये झाले असते. पाऊण तासाच्या बदल्यात साडेबारा लिटर वाचले.

वाटेत थांबून हबही पाहिले. तीन कोमट होते, पण उजव्या बाजूच्या मागच्या हबची धग तळहात वीतभर दूर असतानाच जाणवली. चाक उचलून फिरवले तेव्हा ते अर्धा फेरा जाऊन थांबले. ब्रेकची एक पट्टी ड्रमला घासत होती. ती सैल केल्यावर ॲव्हरेज किती बदलले हे सांगता येण्याइतकी मोजणी अजून झालेली नाही, पण ड्रमचा रंग निळसर झालेला पाहून ते वेळेत सापडले याचा फार दिलासा वाटला.

पुढच्या फेरीत नेण्याचे सामान पाइप आणि लाकडी फळ्यांचे आहे, त्याला पावसाचे भय नाही. ते मी उघड्या ट्रेलरवर, केबिनच्या उंचीच्या खाली रचून, ताडपत्रीशिवाय, ८० च्या वेगाने नेणार आहे. वहीत पाचवा रकाना आखला आहे. १०० किलोमीटरला लागलेले लिटर त्यात लिहून इथे कळवतो.